शेरा

त्यांचं नाव इथे लिहिता येणार नाही.
तशी माझी सही आहे
रास्ता पेठेतल्या ऑफिसात, लोखंडी कपाटात,
ज्याची एक किल्ली माझ्याकडे, एक उमराणी मॅडमकडे.
म्हणून: १०३. पुरुष. वय बहात्तर.
जनता वसाहत. गल्लीचा नंबरही नको.
इतकं चालेल, की पर्वतीच्या उतारावर
शेवटच्या वीसेक पायऱ्या कुणी मापानं बांधलेल्या नाहीत
आणि मी दर वेळी धापा टाकतच दारात उभी राहते
संमतीपत्राच्या दोन प्रती आणि शाईचा पॅड घेऊन.

"मला सही येते," म्हणाले पहिल्या भेटीत,
पॅड बोटानं बाजूला सारत.
"या अभ्यासाचा तुम्हाला थेट फायदा होणार नाही,"
मी वाचते. परिच्छेद सहा.
"मग कुणाला?"
"पुढच्या लोकांना."
"पुढच्या म्हणजे, वरच्या गल्लीतल्या?"
हसायचं नसतं. उत्तरांवर परिणाम होतो म्हणे.
थोडी हसले.

सदतीस वर्षं त्यांनी महापालिकेत पाणी सोडलं.
पहाटे चारला व्हॉल्व्ह, कसब्याला इतके आटे,
गंज पेठेला तितके.
बोलता बोलता अजून मनगट वळायचं.

मी त्यांना पाच शब्द दिले:
घागर, हळद, रेल्वे, कुलूप, निळा.
दोनदा वाचले, सेकंदाला एक,
आवाजात चढउतार न आणता, शिकवलं होतं तसे.
मग शंभरातून सात सात वजा करायला लावले,
घड्याळ काढून त्यात पावणेपाच वाजवायला लावले,
आणि दहा मिनिटांनी विचारलं.
घागर. हळद. रेल्वे. निळा.
बराच वेळ छताकडे बघितलं त्यांनी.
राहिलेला शब्द सांगायची मला परवानगी नाही.

सहा महिन्यांनी, मी चप्पल काढायच्या आत,
"कुलूप! बाई, कुलूप होतं ते!"
किती रात्री शोधला असेल कुणास ठाऊक.
मी नियमाप्रमाणे लिहिलं, 'सरावाचा परिणाम संभवतो,'
आणि शब्दांची दुसरी यादी काढली.
त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे,
की चालू डाव मीच मोडला.
प्रवासखर्च दोनशे रुपये, प्रवास माझाच असला तरी.
पावतीवर सही. 'ळ' अर्धा सुटलेला.

तिसरी भेट, एप्रिल. ते कॉटवर.
मी कोण, हे त्यांना नव्यानं सांगितलं, दोनदा.
या वेळी पॅड लागला.
यादी पुन्हा पहिली, आलटूनपालटून असते.
वजाबाकी झाली नाही. घड्याळाचा नुसता गोल.
दहा मिनिटं थांबायचं असतं, थांबले.
वरच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
"काही आठवतंय, काका?"
ते माझ्या पेनाकडे बघत राहिले.
मनगट तेवढं हललं. दोन आटे.

आणि गॅसपाशी पाठमोरी त्यांची बायको,
भाकरी उलटत, आवाजात चढउतार न आणता:
घागर.
हळद.
रेल्वे.
कुलूप.
निळा.

तिची संमती आम्ही कधी घेतली नव्हती.
पात्रतेच्या निकषांत ती होती की नाही, तेही पाहिलं नव्हतं.
चहा होईल का, एवढंही कधी विचारलं नाही तिला,
तो होतच असे.
"माझे किती झाले?" तिनं विचारलं, मागे न वळता.
गुण सांगायचे नसतात.
मी पाच बोटं दाखवली, तर तिची पाठच होती माझ्याकडे.
मग म्हणाले, पाच.
"पाचातले?"
पाचातले.

गुणांच्या रकान्यात शून्य.
खाली 'शेरा', दोन ओळींची जागा.
'पत्नी घरी हजर,' मी लिहिलं.
मॅडमनी तपासताना तेवढं खोडलं, अनावश्यक माहिती.
खरंच आहे. ती अभ्यासात नाही,
म्हणजे गुप्ततेच्या कलमातही नाही,
कपाटात नाही, किल्लीखाली नाही.
तिचं नाव लिहायला मला कुणाची हरकत नाही:
चांगुणा.