सीदा

दाभोळच्या धक्क्यावरून वर मोहल्ल्याच्या चढापर्यंत
अब्बा मला गाडी शिकवतात.
जुनी व्हॅगनार, डावा आरसा सुतळीनं बांधलेला.
क्लच सोडताना म्हणतात, "श्वय, श्वय,"
आणि पुढ्यात कुणाची बकरी नसली, की "सीदा."

सव्वीस वर्षं त्यांनी तिकडे
एकाच घरच्या बायका नेल्या-आणल्या.
शाळा, दवाखाना, लग्न, सोनाराचं दुकान, परत शाळा.
मागच्या काचा काळ्या. आतला आरसा खाली वळवलेला.
मागे बघायचं नाही हा पहिला नियम,
ब्रेकच्याही आधीचा.

आम्हाला ते राज्य खोक्यांतून कळलं.
दूध पावडरीचे डबे, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट,
आणि एक कॅसेट, जिच्या ए बाजूला सगळ्यांना सलाम,
चुलत्याच्या गुडघ्याची चौकशी, बोअरिंगचे पैसे,
आणि बी बाजूला नुसती एसीची घरघर,
कारण बोलणं संपलं तरी मशीन बंद करायचं राहून गेलं.
अम्मी बी बाजूच जास्त ऐकायची.

"मी गेलो तेव्हा आमच्या भागात एकच सिग्नल,
तोही पिवळ्यावर अडकलेला," अब्बा सांगतात. "गिअर बदल.
मग रस्त्यांना नावं आली. मग नावं पुरेनात, नंबर आले.
वाळूत दोऱ्या बांधून गेले, सुट्टीवरून परत येतो
तर तिथे विद्यापीठ.
थोरला शेख जमिनीवर बसून जेवायचा,
त्याचा बाप मोती काढायला बुडी मारायचा.
मुलानं बापाच्या बापाची होडी काचेच्या पेटीत ठेवली.
नातू आईशी इंग्रजीत भांडायचा. गिअर, सकीना, गिअर."

तेल कसं असतं, मी विचारलं.
"कुणी बघितलंय? सव्वीस वर्षांत एक थेंब नाही.
रात्री लांबवर एक ज्योत दिसायची,
कुणीतरी चूल पेटती ठेवून झोपल्यासारखी."

मग एका रात्री टीव्हीवर फर्मान आलं:
बायकांनी गाडी चालवायला हरकत नाही.
सिनेमाची थिएटरं उघडली, दुकानांत काउंटरवर मुली बसल्या,
आमच्या लोकांच्या परवान्याची फी वाढली.
धाकटी हिस्सा, जिचा पडलेला दुधाचा दात
शाळा सुटेपर्यंत अब्बांनी खिशात सांभाळला होता,
ती म्हणाली, बद्रू, मला शिकव.
स्टेडियमच्या मोकळ्या पार्किंगमध्ये एकवीस दिवस शिकवलं.
ती पास झाली.
म्हातारीनं एक घड्याळ दिलं, दोन महिन्यांचा पगार, तिकीट.

"त्यात वाईट काय? चांगलंच झालं की.
पोरगी छान चालवते.
रिव्हर्सला तेवढी घाई करते."

हे त्यांनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा काच पुसत.

समोर खाडीपलीकडे अंजनवेलची धुरांडी.
तिकडचा गॅस जहाजातून येतो म्हणे आणि इथे जळतो.
याच बंदरात पूर्वी अरबी घोडे उतरायचे.
आणि सीदा, अब्बा म्हणतात, तिकडे सगळे म्हणतात,
पोलीस, टॅक्सीवाला, शेखसुद्धा,
पण शब्द आपला, इकडून गेलेला.
घोडे आले, शब्द गेला.
कोण कुणाला बाकी आहे, कोण जाणे.

आज पहिल्यांदा फेरीबोटीनं धोपाव्याला जायचं.
गाडी उलटी चढवावी लागते.
धक्क्यावरचे सगळे रिकामे पुरुष उभे राहून
मला सूचना करतात, एकमेकांच्या विरुद्ध.
अम्मी विचारता-विचारता पुढच्या सीटवर बसून मोकळी.
अब्बा दाराशी घुटमळले, मग मागे बसले,
आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

आतला आरसा सवयीनं त्यांनीच खाली केलेला.
मी वर केला.
त्यात फळी, पाणी, हात हलवणारा खलाशी,
आणि कोपऱ्यात अब्बा, गप्प, गुडघ्यांवर हात,
उजवा पाय पुढच्या सीटखाली
ब्रेक शोधत.