भुताचं वायरिंग

बंगल्यातले दिवे लुकलुकायला लागले
तेव्हा भुसावळच्या थेटरात अख्खी पुढची रांग
पाय वर घेऊन बसली,
आणि मी एकटाच मोठ्यानं बोललो :
न्यूट्रल लूज आहे.

एकवीस वर्षं खांबावर चढतोय मी, यावल तालुक्यात.
दिवे कशानं जातात ते मला विचारा.
घोरपड. पतंगाचा मांजा. केळीचं ओलं पान.
तारेला घासणारी चिंचेची फांदी.
भूत अजून एकदाही सापडलेलं नाही.
तरी दर शुक्रवारी मला भुताचाच सिनेमा लागतो,
मे महिन्यात तर दोनदा
(बाहेर सेहेचाळीस, आत एसी; खोटं कशाला बोलू).

पण हल्लीच्या भुतांना घाई फार.
दार करकरलं की व्हायोलिन,
व्हायोलिन थांबलं की लगेच थोबाड.
याला भीती म्हणत नाहीत भो.
कानाशी डबा आपटला तर माझी म्हैसही दचकते,
म्हणून काय तिनं तिकीट काढायचं?

भीती होती मागच्या महिन्यातल्या त्या सिनेमात.
एक बाई रात्री पोरांना पांघरूण घालते.
एक, दोन, तीन, चार.
दिवा मालवते, मोरीत जाऊन भांडी विसळते.
विसळता विसळता हात थांबतो.
तिला पोरं तीनच.
संगीत नाही, किंकाळी नाही, नुसता नळ वाहतोय,
आणि कॅमेरा तिच्या पाठीमागून हलत नाही.
हलतच नाही.
घरी येऊन मी माझी पोरं मोजली. दोन.
पुन्हा मोजली.
बायको म्हणे, काय झालं वं माय या माणसाले!

आणि सुभान तडवी, माझा हेल्पर,
त्याला मी ओढत नेलं बाप-लेकीच्या सिनेमाला.
अख्खा सिनेमाभर दोघं एक लोखंडी कपाट
तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवतात.
दुसऱ्या वळणावर ते अडकतं.
बाप वर, लेक खाली, मध्ये आईचं कपाट.
एकमेकांचं तोंड दिसत नाही
म्हणूनच बापाला विचारता येतं, इतक्या वर्षांनी,
ती माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?
लेक म्हणते, जरा डावीकडे घ्या.

सुभान म्हणाला, यात स्टोरी कुठी आहे भाऊ?
मी अंजाळ्याच्या अलीकडे गाडी थांबवली.
केळीचे ट्रक अंगावरून चाललेले,
आणि मी रस्त्याच्या कडेला दोन्ही हात पसरून
नसलेलं कपाट धरून उभा :
अरे, ‘जरा डावीकडे घ्या’ म्हणताना तिचा आवाज ऐकलास का?
तीन समोसे खाल्लेस, तेवढं ऐकलं नाहीस?
तो म्हणाला, तुमचे डोळे पुसा आधी, गाडी तुम्ही चालवताय.

परवा रात्री सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर फॉल्ट.
मी वर, सुभान खाली बॅटरी धरून.
असा अंधार की थेटरवाल्यांनी शिकून घ्यावा :
कुणी वाजवत नाही, कुणी दाखवत नाही,
फक्त दूर कुत्रं भुंकता भुंकता मध्येच गप्प होतं.
मला ती बाई आठवली. नळ आठवला.
फ्यूज बसवला.
खालून पोरांचा एकच कल्ला : आलीऽऽ!
असली टाळी आजवर कुठल्या हिरोला पडली नसेल.

वरून दिवे मोजायची सवय आहे मला.
या पाड्यावर कनेक्शनं अकरा, रजिस्टर पाठ आहे.
दिवे बारा.
सुभानला म्हटलं, तू मोज.
त्यानं बोट नाचवत मोजले. बारा.
शेवटचा जरा लांब, नाल्यापलीकडे, पिवळट.

आकडा टाकला असेल कुणी.
आकडाच टाकलाय.
उद्या उजेडी जाऊन पंचनामा करू, म्हणालो,
आणि पुढच्या शुक्रवारी, सुभान,
तुझ्या आवडीचा बघू. हसण्याचा.