लाइट

पोलोग्राउंडच्या ऑफिसात तेहतीस वर्षं
माझं काम एवढंच : लाइट आणणं.
ती जायची, मी आणायचो.
आमच्या इंदुरी मराठीत ती बाईमाणूस.
येते, जाते, डोळे मिचकावते,
कधी अर्ध्या घरात नांदते, अर्ध्यात नाही,
बिल मात्र पूर्ण घराचं.

रात्री दोनला फोन : "भिया, लाइट चली गई."
पाहुणे आलेत, लाइट गेली.
पोराची परीक्षा, लाइट गेली.
सुदामानगरातल्या मुंगीबाई तर माझ्यावरच रुसायच्या,
जसं काही मीच तिला माहेरी धाडून आलो.
आली की मात्र आख्खी गल्ली एका आवाजात ओरडायची
आणि शिडी खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाकडे
कुणी बघायचं नाही.
ते बरोबरच होतं.

रिटायर झालो आणि शब्दानं पार्टी बदलली.
डॉक्टर म्हणतात, संध्याकाळी लाइट काहीतरी घ्या.
म्हणजे मुगाची खिचडी, वर शेवही नाही.
सून म्हणते, बाबांना लाइट रंग शोभतो.
म्हणजे धुऊन धुऊन गेलेला.
आणि नात, मैथिली, पुण्याला शिकते,
मी गुडघ्याचं बोललो, पेन्शनच्या फॉर्मचं बोललो,
बातम्यांमधलं काही बोललो की
"आबा, लाइट घ्या ना!"

मी तिला म्हटलं, बाई गं,
लाइट घ्यायची नसते, द्यायची असते.
घेतली तर तारेवर आकडा टाकावा लागतो
आणि त्याला कलम एकशे पस्तीस आहे.
ती इतकी हसली की फोन कट झाला.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.

अनंत चतुर्दशी. मिलच्या झांक्या निघायच्या होत्या.
मल्हारगंजात एक तार खाली लोंबत होती.
सीताराम बौरासी खांबावर, मी खाली.
लोक खुर्च्या मांडून बसलेले,
कुणीतरी भुट्ट्याचा कीस खात होतं, वास येत होता.
त्यानं वरून विचारलं, "लाइट बंद है ना?"
सबस्टेशनला मी विचारलं होतं.
तिकडून "हाँ हाँ" आलं होतं.
ज्याला खात्री असते तो एकदाच हाँ म्हणतो.
हे मला आता कळतं.
मी वर बघून म्हटलं, "बंद है."

झांकी त्या वर्षी दुसऱ्या रस्त्यानं गेली.
चौकशीत आलं, फीडर चुकला.
त्याच्या बायकोला ऑफिसात घेतलं, बिलं वाटायला.
माझ्याही दारात ती बिल टाकायची,
बेल न वाजवता.
मी ते त्याच दिवशी भरायचो.

परवा रात्री मैथिलीचा फोन.
"आबा, लाइट गेलीये. फक्त आमची.
समोरच्यांकडे आहे."
आवाज सहा वर्षांच्या पोरीचा.
मी उठून बसलो, चष्मा लावला,
जसं काही इथून दिसणार होतं.

चप्पल घाल.
मीटरशेजारी पेटी आहे, उघड.
एक खटका खाली पडलेला असेल.
थांब, हात लावू नकोस. हात कोरडे आहेत?
"हो हो."
एकदाच म्हण.
"आबा, काय हे, लाइट..."
मैथिली, एकदाच म्हण.

जरा वेळ काहीच नाही.
ओढणीला हात पुसल्यासारखं काहीतरी.
"हो."

आता वर कर.

खट्.
मग "आली!"
आणि ती फोन तसाच कुठेतरी ठेवून
पळाली, भांड्यात काहीतरी राहिलं असावं.
मी कानाला लावून बसलो.
तिकडे फ्रीज सुरू झाला होता,
त्याची घरघर येत होती.