टोकाला काय चिकटतं

विद्यापीठाच्या माळावर मोर ओरडतात तेव्हा
मी फ्यूम हूडची काच खाली ओढून
टायटॅनियमच्या थरांमधलं ॲल्युमिनियम काढत असते.
आम्ल थेंबाथेंबानं. घाई केली की उसळतं,
घाई केली की शिरोळकर सर नुसतं घड्याळाकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी उरतात कार्बाइडचे पापुद्रे:
लांबी आहे, रुंदी आहे,
जाडी आपली म्हणायला.
काचेवर पसरले की काळी, किंचित जांभळट फिल्म.
वीज तिच्यातून अशी जाते
जशी पहाटे साडेचारला महाद्वार रोडवरून
दूधवाल्याची सायकल.

पण ॲल्युमिनियम उठून गेल्यावर
जागा मोकळी राहत नाही.
जवळ असेल ते येऊन बसतं:
फ्लोरीन, ऑक्सिजन, पाण्यातला हायड्रॉक्सिल.
आतला सांगाडा तोच;
टोकाला काय चिकटलंय त्यावर ठरतं
पाणी जवळ येईल की घरंगळेल.

हे कळायला मला पेपर वाचावे लागले नाहीत.
घरी मी म्हणतो, "आलो गं आई, हात धुतो."
जवाहरनगरात आम्ही पोरी अशाच बोलतो.
माळ चढून वर आले की
क्रियापदाच्या टोकाचा ओ गळतो, ए चिकटतो:
आले. धुते. मोजते.
पुण्याची ईशानी पहिल्या दिवशी हसली होती, म्हणून.
आतला धातू तोच.
व्याकरणातही त्याला धातूच म्हणतात.

फिल्म मात्र टिकेना.
श्रावणातली दमट हवा, वह्यांना बुरशी आणणारी;
अकराव्या दिवशी कडा राखाडी,
सतराव्या दिवशी सगळी पांढरी,
भिंतीच्या रंगात घालतात तो ऑक्साइड, दुसरं काही नाही.
सरांनी वहीत लिहिलं: पृष्ठभाग बदला.
सायलेनची बाटली बंगळूरहून दीड महिन्यानं आली,
आली ती आतल्या आत गोठलेली.

आबा कातडं कमावतात.
हिरड्याचं पाणी, बाभळीची साल:
तो वास माझ्या दप्तरालाही होता.
बाकावरची मुलगी सरकून बसायची
(तिचं नाव इथं नको).
एका रात्री विचारलं,
आबा, हिरडा कातड्याला नेमकं काय करतो?
हौदात काठी फिरवत म्हणाले,
"धरून बसतोय. कुजायला जागाच देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या फडक्यात
मूठभर हिरडा वर नेला.
कुटला, उकळला, तीनदा गाळला,
सोडा घालून पीएच जुळवला,
फिल्म बुडवली, रात्रभर.
सकाळी लॅबभर तो वास.
मी खिडक्या उघडायला धावले.
ईशानी हुंगून म्हणाली, "त्रिफळा?"
आणि स्वतःच्या स्टुलावरच बसून राहिली.

आज एकेचाळिसावा दिवस. नमुना बावीस.
अजून काळा.
रोध थोडा वाढलाय, लपवणार नाही.
थेंब टाकला तर पूर्वीसारखा ताठ राहत नाही,
हळूच टेकतो.

सर चष्मा वर करून म्हणाले,
टॅनिन कुठल्या कंपनीचं? शुद्धता?
मी वही पुढं केली.
स्रोताच्या रकान्यात लिहिलं होतं:
आबांचं पोतं, जवाहरनगर.
शुद्धतेचा रकाना कोरा.

"मीच घेऊन आलो, सर,"
तोंडून निघालं,
आणि टोक दुरुस्त करायचं राहून गेलं.