काच कापताना

असाफोच्या उतारावर, शवपेट्या करणाऱ्या सुताराला खेटून
माझं दुकान. कुमासीत मला फ्रेमवाली अफिया म्हणतात.
लग्नाचं काम येतं, बारशाचंही,
पण जनरेटरचं तेल भरतात ते मेलेले.

काम तसं सोपं. एक चित्र घ्यायचं, त्याला भोक पाडायचं
आणि भोकामागून माणूस हलू द्यायचा.
भोवती केंटेचा काठ, मध्ये लंबगोल रिकामा,
मागे कुणाचे आजोबा रुमाल हलवत नाचतायत.
काठ जागचा हलत नाही.

सुरुवातीला एकदा फाइल भलत्याच प्रकारात ठेवली मी,
तर रिकामं होतं ते सगळं पांढरंफटक झालं.
अख्खं खानदान मंडपात एका अंड्याकडे बघत बसलं.
तेव्हापासून ठाऊक आहे,
काहीच नसणं हेसुद्धा जपून ठेवावं लागतं.
पडद्यावर त्याच्या राखाडी-पांढऱ्या चौकड्या दिसतात,
फरशी पुसून कोणी निघून गेल्यासारख्या.

मंगळवारी ओपान्यिन न्सिया आले.
खांद्यावर काळं-तांबडं कापड,
पाकिटातून प्लास्टिक, प्लास्टिकमधून फोटो:
त्यांची जुनी बेडफर्ड लॉरी. कपाळावर रंगवलेलं,
'सावकाश. वाट कुठे पळत नाही.'
"हिच्या काचेत बसव अज्वा पोमाला," म्हणाले.
"बत्तीस वर्षं टेचिमानहून टोमॅटो आणले आम्ही.
ती मागे, पेट्यांवर. पुढची जागा मालाच्या मालकाची."

फोनमधली क्लिप सोळा सेकंदांची.
म्हातारी उखळातलं फुफू फिरवतेय, मुसळ चुकवत,
आणि ओल्या हाताने खुणावतेय, बंद कर ते.

रात्री बसले काच कापायला.
वायपर ठेवले. उजव्या कोपऱ्यातला तडाही;
तो राहू दे, म्हणाले होते, तो आमचा आहे.
स्टिअरिंगमागे दात काढून बसलेला तरणा न्सिया
कापून टाकताना हात अडला नाही,
तो तर शुक्रवारी येणारच होता.
कडा मऊ केल्या, दोन पिक्सेल, जास्त नाही,
नाहीतर माणूस धुक्यात बसवल्यासारखा दिसतो.
मग चारशे टक्के मोठं केलं,
आणि काचेवर आणखी कोणीतरी होतं.

डोक्याला फडकं, दोन्ही कोपरं बाहेर,
चेहऱ्याच्या जागी कॅमेऱ्याचा काळा ठिपका.
पाठीवर मूल की गाठोडं, कळेना.
फोटो काढणारी बाई.

दुसरी कोण असणार?
म्हणजे तिला दाखवायचं तर
तिलाच पुसायचं.

शेजारी सुताराचा रंधा चालू होता.
वीज गेली, आली. फाइल वाचली होती.
तीही.

शेवटी सगळी काच काढली, तिच्यापुरती ठेवली.
बारा टक्के. अकराला ती जाते,
पंधराला म्हातारीच्या हसण्यावर डाग पडतो.
बारा टक्के, असून नसल्यासारखी,
आणि तिच्यामागे फुफू फिरवणारी ती,
नसून असल्यासारखी, सोळा सेकंद.

शुक्रवारी न्सिया खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले.
एकदा पाहिलं. पुन्हा लाव, म्हणाले.
कापडाचं टोक घेऊन पडदा पुसला, एकाच जागी.
थुंकी लावून परत पुसला.
"धूळ आहे का गं?"
मी पंख्याकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा हात वर गेला आणि तिथेच थांबला,
काचेपासून बोटभर अलीकडे.
"ओरडली होती माझ्यावर," ते म्हणाले,
"हसू नकोस, लॉरी हलते."