आधी बुडव

एकतीस वर्षं कणकवली डेपोत
दुसऱ्यांच्या सुटण्याच्या वेळा लिहिल्या.
फंडाचे पैसे आले तसं म्हटलं, एक होडी घेऊ.
धंद्याला नव्हे. गरवायला.
सर्जेकोटच्या खडपावर बसून
पालू नि शेंगटी ओढण्यात रविवार गेले सगळे;
मोठा मासा तिकडे, वीस वाव पाण्यात,
जिथून किनारा म्हणजे नुसती
माडांची काळी शिवण.

पहिली पाहिली ती फायबरची, पांढरीशुभ्र, धक्क्याला बांधलेली.
निळी गादी, डोक्यावर छत,
ग्लास ठेवायला खास भोक.
विकणारा पोरगा म्हणाला, काका, चाळीसचं मशीन आहे,
पिळलं की निवतीचं दीपगृह अंगावर येतं.
कुमुद म्हणाली, रंग छान आहे.
माझा हात खिशात गेलाच होता.

भिवा तारीने काही विचारलं नाही.
चपला धक्क्यावर काढल्या, उतरला,
आणि बोटांची पेरं आपटत गेला
नाळेपासून मशीन टांगतात त्या फळीपर्यंत,
कान तिरका करून, फणस ठोकावा तसा.
एका जागी थांबला. परत ठोकलं.
मलाही ऐकू आलं:
बद्द.
पिकल्या फणसाचा आवाज.
"हयसर पाणी प्याली हा."

मग मला काठाशी उभं केलं, स्वतः शेजारी आला,
पोरग्यालाही बोलावलं.
"सुरमय लागली काय सगळे एकाच बाजूक धावतत."
होडी कलली
आणि खाडीचं पाणी काठावरून आत डोकावलं,
शेजारीण डोकावते तसं, सहज.

"आता बुडव हिका."
पोरगा हसला. भिवा हसला नाही.
"बूच काढ नि पाणी भर.
बुडली तर तुझी. तरंगली तर ह्यांची."
पोरग्याने गादीवरची नसलेली धूळ झटकली.

भिवाच्या डाव्या तळव्यावर
एक आडवी रेघ आहे, ज्योतिषाच्या कामाची नाही.
चौदा तास काठ धरल्याची.
त्याबद्दल तो बोलत नाही, मीही विचारत नाही.

दुसरी रेवंडीला, इनास फर्नांडिसच्या परड्यापुढे.
रूप काय सांगू,
पोट सुटलेली, ठिगळं लावलेली,
चर्चच्या दाराचा उरलेला हिरवा रंग फासलेली.
पण काठ मांडीएवढा उंच,
दोन वल्ही, छोटं जास्तीचं मशीन,
बाकाखाली बंद कप्पे, आत घट्ट फोम.
इनासने न सांगताच बूच काढलं.

पाणी आलं. घोटा, पोटरी, गुडघा.
आम्ही तिघे बाकावर बसून राहिलो
डबक्यातल्या म्हशींसारखे.
काठावर कुमुद हसत होती;
पाणी काठाला टेकलं तेव्हा हसायची थांबली.
वाडीतली चार पोरं पोहत येऊन लोंबकळली.
होडी खाली गेली, आणखी बोटभर गेली,
आणि तिथे राहिली.
दमलेली, पण गेली नाही.

मी भिजल्या नोटा मोजल्या.

पहिल्या फेरीआधी सवयीने कागद केला:
सुटण्याची वेळ पाच चाळीस.
माणसं दोन. दिशा, झांट्याच्या खडपाच्या बाहेर.
परतीचा रकाना कोरा ठेवला,
मासा काय वेळापत्रक बघून लागतो?
कुमुदने तो फ्रीजवर चिकटवला,
रकान्यात दहा लिहिले
आणि खाली लाल रेघ मारली.

नऊला मतलई पडली.
पश्चिमेला पाण्याचा रंग बदलायला लागला होता,
आणि तेव्हाच माझी दोरी ताणली,
जड, खाली खेचणारी, तांबोशीच असणार,
मी उठून काठाकडे धावलो.
हिरवी होडी हललीसुद्धा नाही.

भिवाने आपली गरी गुंडाळायला घेतली होती.
"ओढ बेगीन," म्हणाला,
"नायतर काप."