मंगळवारची गिरणी

नेल्सनला, कालव्याकाठच्या त्या गिरणीत
आता माग फक्त मंगळवारी चालतात,
तेही शाळांसाठी.
मी वर्गाची मदतनीस. एकोणतीस डबे, दोन इनहेलर,
आणि झुनैरा. तिच्या कानयंत्राची जादा बॅटरी
माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात.

डोरीनबाई एन्टविसल, वय ब्याऐंशी,
पंधराव्या वर्षी इथंच लागल्या कामाला.
त्यांनी धोटा दाखवला, त्याच्या कडेचा बारीक डोळा.
"ह्यातून धागा ओढायचा ओठांनी, श्वास आत घेऊन.
मनाई होती. पण हुक शोधत बसलं
तर वारभर कापड कमी."
मग कवळी काढून दाखवली.
पोरं खिदळली. टॉबीनं विचारलं, संडास कुठाय.

पट्टा चढला.
खटक्-खटक् म्हणू नका, तो शब्द फार सुटसुटीत आहे.
जमीनच दातओठ खाऊ लागली.
सगळ्यांचे हात कानांवर,
सर ओरडत होते, नुसतं माशाचं तोंड.
झुनैरानं सावकाश यंत्र काढून
माझ्या तळहातावर ठेवलं.

डोरीनबाई मागापल्याडून काहीतरी बोलल्या,
आवाज न काढता, ओठ ताणून, भुवया उंचावून,
जसं इथल्या बाया दिवसभर बोलायच्या:
कुणाला दिवस गेलेत, कुणाचं मोडलं,
गप, मुकादम येतोय.
आणि झुनैरा हसली.
तिनं उत्तर दिलं. तसंच.
दोघींच्या मधे सहा माग, आणि आम्ही,
काहीच न कळणारे.

मी हिंगणघाटची.
गावचा कापूस गाठी-गाठींनी इकडे यायचा
असं भिंतीवरच्या फलकावर होतं,
गावाचं नाव चुकवून.
कुणाला तरी दाखवायचं होतं. राहून गेलं.

पट्टा उतरला. कानात बारीक शिट्टी.
"काय म्हणाल्या गं?" मी खुणेनं विचारलं.
तिनं नुसती मान हलवली.
यंत्र घेतलं, पण बस सुटेपर्यंत
मुठीतच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहायचं होतं: काय शिकलो.
टॉबी: धोट्याला डोळा असतो.
झुनैराच्या पानावर अक्षर नाही,
दोन तोंडं काढलेली, समोरासमोर, उघडी,
एकातले दात गाळलेले.

मार्क द्यायचं काम माझं नाही.
बरंय.